जन्मतारीख नसलेल्या ठकीचा वाढदिवस

आमची कुत्री ठकी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेल्टरमधून घरी आली. तिच्या कागदावर वयापुढे ‘अंदाजे सहा महिने’ एवढंच लिहिलेलं होतं. कुठे जन्मली, आई कोण, भावंडं किती, काहीच माहीत नाही. तिचा पहिला वाढदिवस करायचं मनात आलं तेव्हा पहिला प्रश्न केकचा नव्हताच. करायचा कधी, हाच होता. तिथून वाढदिवसाच्या दिवसापर्यंत जे जे करावं लागलं ते इथे लिहिते आहे. असं दत्तक घेतलेलं पिल्लू बऱ्याच घरांत असतं, आणि कुत्र्याचा वाढदिवस म्हटलं की बहुतेक माहिती केकच्या फोटोंपाशीच थांबते.

तारखेचा अंदाज तिच्या दातांवरून लागला. डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत तिचे ओठ हलकेच वर उचलून मला दात दाखवले होते. पुढचे पटाशीचे दात पक्के आलेले होते. सुळे अजून दुधाचेच होते आणि त्यांच्या मुळाशी नवे सुळे नुकते डोकावत होते. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यांची जागा ४२ पक्के दात घेतात. कोणता दात कधी पडतो याचा क्रम बराच ठरलेला असल्यामुळे या काळात वयाचा अंदाज काही आठवड्यांच्या फरकाने बरोबर निघतो. डॉक्टर म्हणाले, “सहा महिने नाही हो, साडेचारच्या आसपास आहे ही. मार्चमधला जन्म धरा, १० ते ३१च्या मधला.” आम्ही मधली तारीख धरली, २० मार्च.

एकदा सगळे पक्के दात आले की असा अंदाज कठीण होतो. मग दातांची झीज, त्यांवर साचलेला थर, तोंडाभोवतीचे पांढरे केस आणि म्हातारपणाकडे झुकलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांतली निळसर झाक यांवरून ठोकताळा बांधावा लागतो, आणि त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. मोठं कुत्रं दत्तक घेतलेल्यांनी सरळ ते घरी आलं तो दिवस साजरा करावा असं मला वाटतं. त्या दिवसाबद्दल तरी शंका नसते. पिल्लू आणलं असेल तर मात्र पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून दात बघून अंदाज लेखी घेऊन ठेवा. ही संधी दोन-तीन महिन्यांतच निघून जाते.

घरात २० मार्च ठरली, पण कागदावर गोष्ट वेगळी होती. ओळख पटावी म्हणून कुत्र्याच्या त्वचेखाली क्रमांकाची बारीक चिप बसवतात. जानेवारीच्या सुरुवातीला या चिपची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून संदेश आला की ठकी एक वर्षाची झाली, तिची माहिती पडताळून घ्या. उघडून बघितलं तर जन्मतारीख १ जानेवारी. त्यांच्या अर्जात जन्मतारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही. शेल्टरमध्ये चिप बसवताना तारीख माहीत नसल्यामुळे वर्षाचा पहिला दिवस टाकलेला होता. लसीकरणाच्या पुस्तकात मार्च आणि चिपच्या नोंदीत जानेवारी.

अडीच महिन्यांनी काय बिघडतं, असं आईने विचारलं. आज फार बिघडत नाही. पण कुत्र्याचा विमा घ्यायचा झाला, त्याला घेऊन दुसऱ्या देशात जायचं झालं किंवा ते हरवून सापडलं आणि ओळख पटवायची वेळ आली, तर दोन कागदांवरच्या दोन तारखा नसता घोळ करतात. तारखेच्या पुराव्याचं महत्त्व किती असतं याचं मोठं उदाहरण पोर्तुगालच्या बोबीचं आहे. ११ मे १९९२चा जन्म सांगितलेला हा कुत्रा २०२३ मध्ये गिनीजच्या नोंदीत जगातला सर्वांत वयस्कर कुत्रा ठरला. त्याच वर्षी मे महिन्यात शंभरावर पाहुण्यांच्या उपस्थितीत त्याचा ३१वा वाढदिवस झाला. ऑक्टोबरमध्ये तो गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गिनीजने किताब मागे घेतला. त्याच्या चिपची नोंद २०२२ मधली होती, आणि पोर्तुगालमध्ये २००८ पूर्वी जन्मलेल्या कुत्र्यांसाठी वयाचा पुरावा मागितला जात नव्हता. बोबीच्या घरच्यांनी त्याच्यावर केलेली माया त्याने तसूभरही कमी होत नाही. पण माझ्या कुत्रीच्या बाबतीत मला कागद नीट हवे होते.

दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन होता. सोबत माझं ओळखपत्र, दत्तक घेतल्याचा कागद आणि डॉक्टरांचं पत्र जोडायचं होतं. पत्रात नेमकं काय हवं ते अर्जात कुठेही नव्हतं, आणि काही दिवसांनी अर्ज ‘अपूर्ण’ शेरा मारून परत आला. तिकडे फोन केला तेव्हा बोलणाऱ्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. पत्र डॉक्टरांच्या छापील लेटरहेडवर हवं. त्यात चिपचा पूर्ण १५ आकडी क्रमांक, लिंग, रंग, तपासणीची तारीख आणि जन्माचा अंदाज कशावरून काढला तेही लिहिलेलं हवं. डॉक्टरांनी त्याच दिवशी ठकीच्या मानेवरून स्कॅनर फिरवला, आकडे पडताळले आणि पत्र नव्याने लिहून दिलं. हे स्कॅन आवर्जून करून घ्या. चिप कधीकधी त्वचेखाली खांद्याकडे किंवा बरगडीकडे सरकते, आणि ती वाचता येते आहे ना हे वर्षातून एकदा बघितलेलं बरं. चिप म्हणजे जागा दाखवणारं यंत्र नाही, हे मला भेटलेल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. स्कॅनर जवळ नेल्यावर ती फक्त क्रमांक सांगते. त्या क्रमांकामागे तुमचा चालू फोन नंबर नोंदलेला नसेल तर चिप असून नसल्यासारखी. मी त्याच अर्जात माझा बदललेला नंबरही दुरुस्त करून घेतला. उत्तर यायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला. नव्या प्रमाणपत्रावर ‘अंदाजे’ या शब्दासह २० मार्च आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वार्षिक तपासणी केली. पिल्लूपणीच्या लसींनंतरची बूस्टर मात्रा काही डॉक्टर सहा महिन्यांच्या सुमारास देतात, आमच्या डॉक्टरांनी ती वर्षाच्या आसपास ठेवली होती. वाढदिवसाच्याच दिवशी लस द्यायचा विचार असेल तर तो सोडा. लसीनंतर एक-दोन दिवस कुत्रं मलूल असतं, टोचलेली जागा दुखते, क्वचित अंगाला सूज किंवा उलटीचा त्रास होतो. अशा अंगाने तिला पाहुण्यांमध्ये बसवायचं नव्हतं, म्हणून दोन आठवड्यांचं अंतर ठेवलं. रक्त तपासायचं असेल तर किती तास उपाशी ठेवायचं हे आधीच विचारून घ्या. त्या सकाळी ठकी रिकाम्या वाडग्यापाशी बसून माझ्याकडे बघत राहिली आणि मला फार वाईट वाटलं. रक्त काढून होताच खाऊ देता यावा म्हणून डबा सोबत नेला होता.

तिथेच माझ्या भाच्याने डॉक्टरांना विचारलं, “काका, ती आता सात वर्षांची झाली ना?” कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सगळीकडे ऐकू येतो, पण तो खरा नाही. कुत्रं पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतं आणि पुढे तो वेग मंदावतो. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं पहिलं वर्ष माणसाच्या साधारण पंधरा वर्षांइतकं, दुसरं आणखी नऊ वर्षांइतकं आणि पुढचं प्रत्येक चार-पाच वर्षांइतकं धरतात. २०२० मध्ये लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार होणारे बदल तपासून काढलेलं एक सूत्र प्रसिद्ध झालं. त्यानुसार एक वर्षाचं कुत्रं माणसाच्या तिशीशी जुळतं. एकाच जातीवरून काढलेलं असल्यामुळे ते ठकीला जसंच्या तसं लागू होणार नाही. पण दोन्ही हिशेबांनी सात नाहीच. डॉक्टर भाच्याला म्हणाले, “तुझ्यापेक्षा मोठी आहे ती आता, तिचं ऐकायचं.” त्याने ते गंभीरपणे मनावर घेतलं.

तपासणीत ठकीचं वजन १६ किलो भरलं, आणि केकचा आकार त्यावरून ठरला. डॉक्टरांनी शिकवलेला हिशेब असा: वजनाला त्याच संख्येने दोनदा गुणायचं, मग लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढायचं आणि उत्तराला ७०ने गुणायचं. १६ किलोला ५६० कॅलरी येतात. ही झाली नुसतं पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ने गुणायचं, म्हणजे दिवसाला ९००च्या आत-बाहेर. रोजच्या जेवणाखेरीजचा खाऊ यातल्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. ठकीच्या वाट्याला ९० कॅलरी आल्या. हे कळल्यावर मोठ्या, थरांच्या केकचा विषय आपोआप मिटला.

केक घरीच केला. एक अंडं, उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि मूठभर ओट्स दळून. साखर नाही, मीठ नाही, तूप-लोणी नाही. वर लावायला किसलेलं गाजर. तीन कुत्र्यांत वाटला की हिशेबात बसत होता. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी चमचाभर नमुना तिला खायला घातला आणि दुसऱ्या दिवशी पोट ठीक आहे ना ते पाहिलं. नवीन पदार्थाने पोट बिघडायचं असेल तर ते अशा वेळी बिघडावं. येणाऱ्या दोन्ही कुत्र्यांच्या घरीही काय काय घातलंय ते आधी कळवलं, कारण त्यातल्या एकाला कोंबडीचं मांस आणि अंडं सोसत नाही असं निघालं. त्याच्यासाठी नुसत्या भोपळ्याचा गोळा वेगळा ठेवला.

तयार केक आणणार असाल तर घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. मला सगळ्यात जास्त धास्ती झायलिटॉलची होती. साखरेऐवजी वापरला जाणारा हा पदार्थ बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये असतो, काही पीनट बटरमध्येही असतो, आणि कुठे कुठे ‘बर्च शुगर’ या नावाने लिहिलेला असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो एकदम इन्सुलिन सोडायला लावतो आणि रक्तातली साखर तासाभरातच धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढीशी मात्राही त्यासाठी पुरते. जास्त गेला तर यकृत निकामी होतं. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं, अर्धं उतरायलाच सतरा-अठरा तास लागतात. गडद चॉकलेट जास्त घातक. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडावर घाला घालतात आणि किती खाल्ल्या म्हणजे सुरक्षित असा आकडाच देता येत नाही. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, पूड केलेला, कसाही असला तरी तांबड्या पेशी नष्ट करतो. मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा, दारू, यीस्ट घालून भिजवलेली कच्ची कणीक, शिजवलेली हाडं हेही सगळं वर्ज्य. आणि एकदम खूप तेलकट-तुपकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येते, जी दुखणारी आणि कधी जिवावर बेतणारी असते.

यावरून माणसांच्या जेवणाचाही निर्णय झाला. पाहुण्यांसाठी जे आणलं त्यात चॉकलेट आणि मनुका मुळीच नव्हत्या. टेबल उंच आहे, कुत्रं पोचत नाही, या भरवशावर राहू नये. लहान मुलांच्या हातातून घास पडतो आणि कुत्र्याला तो उचलायला क्षणही लागत नाही. रात्रीही उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लावला. असं काही पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय करू नका, मिठाचीच विषबाधा होते. काय खाल्लं, किती, कधी आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगत लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

सोसायटीच्या बागेत थोडा वेळ जमायचं होतं, त्यासाठी समितीला पत्र दिलं. परवानगी मिळाली ती अटींसह: कुत्री पट्ट्यात, वेळ ठरलेली, स्पीकर नाही, घाण आपण उचलायची, आणि येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या रेबीज लसीच्या दाखल्याची प्रत जोडायची. मला या अटी योग्यच वाटल्या. कुत्र्यांना घाबरणारे शेजारी असतात आणि बाग त्यांचीही आहे. प्रती जमवायला मात्र वेळ लागला, एका दाखल्याची मुदत संपत आली होती, म्हणून हे काम दोन-तीन आठवडे आधी हाती घ्या.

पाहुण्यांची यादी मुद्दाम लहान ठेवली. कुत्रे दोनच, ज्यांच्याबरोबर ती रोज फिरते: शेजारच्या आजोबांचा वयस्क, गुडघे दुखणारा कुत्रा आणि तिच्या वयाची एक खेळकर कुत्री. अनोळखी कुत्रे खाण्याभोवती एकत्र आणले की भांडण ठरलेलं. फुगे नव्हते, कारण फुटलेल्या रबराचा तुकडा घशात किंवा आतड्यात अडकतो आणि फुटण्याच्या आवाजाने कुत्रं दचकतं. माणसाला जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,०००पर्यंत, आणि त्याच्यासाठी गोंगाट फार लवकर गोंगाट होतो. टोपी आदल्या आठवड्यात तिच्या डोक्यावर ठेवून पाहिली. तिने कान मागे घेतले, ओठ चाटले आणि मान वळवली. टोपी परत डब्यात गेली. मेणबत्ती पेटवली नाही.

मुलांना आदल्या संध्याकाळी बसवून सांगितलं. तिला मिठी मारायची नाही, चेहऱ्याजवळ चेहरा न्यायचा नाही, खाताना हात लावायचा नाही, आणि ती आपल्या गादीवर गेली की तिला हाक मारायची नाही. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, शेपूट पोटाखाली घेणं, या सगळ्याचा अर्थ ‘मला नको आहे’ असा असतो, हे भाच्याला इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी तोच मोठ्यांना सांगत होता.

२० मार्चला सकाळी ठकीला घेऊन बाहेर पडले आणि कुठे वळायचं ते तिलाच ठरवू दिलं. ज्या झुडपापाशी एरवी मी ‘चल चल’ करते तिथे ती मनसोक्त हुंगत राहिली. मला विचाराल तर वाढदिवसाचा सगळ्यात चांगला भाग हाच होता. असं हुंगत चालणं कुत्र्याला थकवतं आणि शांतही करतं. घरी येऊन ती दुपारभर झोपली. संध्याकाळचे पाहुणे येईपर्यंत तिच्यात ना उतावीळपणा होता ना चिडचिड.

बागेतला कार्यक्रम तासाभरातच आवरला. आधी तिघांना पट्ट्यात धरून एक चक्कर मारली, मग एकमेकांपासून लांब, तीन कोपऱ्यांत तीन वाडगे ठेवले. ठकीने आधी गाजर वेचून खाल्लं, मग बाकीचं. आजोबांचा कुत्रा बसूनच खात होता. त्याच्यासाठी खाली जाड सतरंजी अंथरली होती, गवत ओलं असल्याने त्याचे पाय घसरले असते. भेट म्हणून निळा चेंडू आणला होता. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग नीट वेगळा ओळखता येतो, तर हिरव्या गवतातला लाल चेंडू त्यांना मळकट पिवळसरच दिसतो. निळा चेंडू फेकल्याबरोबर तिला दिसला आणि ती ज्या वेगाने धावली ते बघून आई टाळ्या वाजवायला लागली. फोटो फ्लॅश न वापरता काढले.

थोड्या वेळाने ठकीने लागोपाठ जांभया दिल्या. मी तिला घरी आणलं, खोलीचं दार अर्धवट लोटलं आणि पाहुणे खाली गप्पा मारत राहिले. उत्सवमूर्ती नाही म्हणून कोणीही कुरकुर केली नाही, याचं मला फार समाधान वाटलं. रात्रीच्या जेवणातून केकइतक्या कॅलरी कमी केल्या. पुढचे दोन दिवस तिची शी आणि भूक लक्ष देऊन पाहिली, सगळं नेहमीसारखं होतं.

खर्चाचं म्हणाल तर सर्वांत मोठा वाटा तपासणी, रक्तचाचणी आणि लसीचा होता. त्यानंतर माणसांचं खाणंपिणं. चिपच्या दुरुस्तीचं शुल्क किरकोळ होतं आणि केकचा खर्च तर जवळपास नव्हताच. पैसे मोजके असतील तर ते तपासणीला द्या, बाकी सगळं कमी करता येतं.

पाहुण्यांना भेटवस्तूंऐवजी ती आली त्या शेल्टरसाठी काहीतरी द्या असं सुचवलं होतं. त्याआधी तिथे फोन करून काय हवं ते विचारलं, आणि ते बरं झालं. जुने टॉवेल, चादरी, पातळ ब्लँकेटं त्यांना हवी होती. उशा आणि कापसाच्या गाद्या नको होत्या, कुत्री त्या फाडून कापूस गिळतात. उघडलेली खाण्याची पाकिटंही ते घेत नाहीत. पुढच्या रविवारी सगळं धुऊन, घड्या घालून पोचवलं. तिथल्या ताईंनी वहीत नोंद करून पावती दिली आणि ठकीचं सध्याचं वजन विचारलं. तिची नवी जन्मतारीखही त्यांनी त्यांच्या नोंदीत लिहून घेतली.